पोटाचा कॅन्सर: दूरच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या पेशंटच्या जगण्याची शक्यता कशावर ठरते?

जगभरात २०२२ या एका वर्षात जवळपास ९ लाख ६९ हजार लोकांना पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोकांचा त्याने जीव घेतला. नवे पेशंट असोत की मृत्यू, दोन्ही याद्यांमध्ये हा कॅन्सर पाचव्या क्रमांकावर आहे.

पण या आकड्यांमागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हा आजार झालेला माणूस कुठे राहतो, यावर त्याच्या जगण्याची शक्यता बरीच बदलते. दक्षिण कोरियातल्या पेशंटला जे सहज मिळतं, ते मिझोरामच्या डोंगरातल्या गावात राहणाऱ्याला मिळवायला अनेक तासांचा घाटरस्ता, कधी थेट गुवाहाटी किंवा मुंबई गाठावी लागते.

मग दूरच्या, छोट्या रुग्णालयात उपचार घेतले तर पेशंट कमी जगतो का? आणि तसं असेल तर प्रत्येकाला मोठ्या शहरात पाठवणं हाच उपाय आहे का? समजून घेऊया.

पोटाचा कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

बोलताना आपण अख्ख्या पोटाला पोट म्हणतो. पण डॉक्टर ज्याला पोटाचा कॅन्सर म्हणतात तो जठराचा कॅन्सर. अन्ननलिकेतून आलेलं अन्न ज्या पिशवीत साठतं आणि घुसळलं जातं, ते जठर. आतडं, यकृत किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर यात मोजत नाहीत.

या आजाराची मोठी अडचण म्हणजे त्याची सुरुवात अगदी साधी वाटते. जेवल्यावर पोट जड होणं, थोडंसं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, जळजळ, मळमळ. घरात कुणालाही होऊ शकतं असंच सगळं. 'पित्त झालंय', 'गॅसेस झालेत' म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते. गोळीने काही दिवस बरं वाटतं आणि तपासणी पुढे ढकलली जाते. वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा गिळायला त्रास ही लक्षणं दिसेपर्यंत आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो.

खात्रीचं निदान एकाच मार्गाने होतं. तोंडातून दुर्बीण घालून जठराची आतून पाहणी, म्हणजे एंडोस्कोपी, आणि संशयास्पद जागेचा छोटा तुकडा काढून त्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. सोनोग्राफीत जठराचा लहान कॅन्सर सहसा दिसत नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होणं इथे महागात पडू शकतं.

मिझोरामचं नाव सारखं का येतं?

भारतात पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही. महाराष्ट्रात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त आढळतो. जठराच्या कॅन्सरमध्ये मात्र मिझोरामची राजधानी ऐझॉल देशात सगळ्यात पुढे असलेल्या भागांत आहे. सगळे कॅन्सर एकत्र धरले तरी राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधलं सर्वाधिक प्रमाण ऐझॉल जिल्ह्यातच होतं: दर १ लाख पुरुषांमागे २६९.४.

यामागे एकच कारण नाही. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जगभर या कॅन्सरचं मुख्य कारण मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. या जिवाणूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

मिझोराममध्ये त्याच्या जोडीला तंबाखू आणि खाण्याच्या काही सवयी आहेत. तिथे तंबाखूचा धूर पाण्यातून सोडून तयार केलेलं 'तुइबुर' नावाचं पाणी तोंडात धरण्याची पद्धत आहे. धुरावर वाळवलेलं आणि खारवलेलं मांस-मासे, तसंच 'सा-उम' नावाची आंबवलेली डुकराची चरबी रोजच्या जेवणात असते. तिथे झालेल्या अभ्यासांमध्ये या सवयींचा आणि पोटाच्या कॅन्सरचा संबंध दिसून आला आहे.

आता भूगोल बघा. मिझोरामचं क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाखांच्या आसपास. सरकारी कॅन्सर रुग्णालय ऐझॉलजवळ झेमाबॉक इथे आहे. दक्षिणेकडच्या सियाहा किंवा लाँगतलाईसारख्या जिल्ह्यातून तिथे पोहोचायचं तर डोंगररस्त्याने अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात दरड कोसळली तर त्याचीही खात्री नाही. राजधानीच्या उंबरठ्यावर, सायरंगपर्यंत, रेल्वे पोहोचली तीसुद्धा सप्टेंबर २०२५ मध्ये.

'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण' म्हणजे काय?

कॅन्सरच्या बातम्यांमध्ये हा आकडा सतत दिसतो. निदान झाल्यापासून पाच वर्षांनी १०० पैकी किती पेशंट हयात आहेत, असा त्याचा साधा अर्थ. एखादा पेशंट पाचच वर्षं जगेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

२०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या पेशंटच्या जागतिक तुलनेत पोटाच्या कॅन्सरसाठी हा आकडा दक्षिण कोरियात ६८.९ टक्के आणि जपानमध्ये ६०.३ टक्के होता. बहुतेक देशांमध्ये तो याच्या जवळपासही नव्हता.

कोरिया आणि जपानकडे काही गुप्त औषध नाही. त्यांनी आजार लवकर पकडला. कोरियात सरकारी कार्यक्रमातून ४० वर्षांवरच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करून मिळते. जपानने बेरियम पाजून एक्स-रे काढण्याची तपासणी अनेक दशकांपूर्वीच सुरू केली आणि २०१६ पासून ५० वर्षांवरच्यांसाठी एंडोस्कोपीचीही शिफारस केली.

लवकर पकडण्याने काय फरक पडतो ते अमेरिकेच्या आकड्यांवरून कळतं. आजार जठरापुरताच असेल तर पाच वर्षांनी १०० पैकी सुमारे ७५ जण हयात असतात. आसपासच्या गाठींपर्यंत पोहोचला असेल तर सुमारे ३५. लांबच्या अवयवांत पसरला असेल तर सुमारे ७. देश तोच, औषधं तीच. बदलली ती फक्त निदानाची वेळ.

म्हणून दूरच्या भागातल्या पेशंटचं पहिलं नुकसान ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी होतं, जेव्हा तालुक्याला एंडोस्कोपीची सोय नसते आणि चार-सहा महिने पित्ताच्या गोळ्यांवर निघून जातात.

ऑपरेशन कुठे होतं याने खरंच फरक पडतो?

पडतो. आणि याचा बराच अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेत १९९४ ते १९९९ मधल्या सुमारे २५ लाख ऑपरेशनचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं ऑपरेशन वर्षाला मोजकंच करणारी रुग्णालयं आणि तेच नेहमी करणारी रुग्णालयं यांची त्यात तुलना होती. जठर काढण्याच्या ऑपरेशनमध्ये या दोन टोकांच्या मृत्युदरात २ ते ५ टक्क्यांचा फरक निघाला. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनमध्ये तर कमी अनुभवाच्या रुग्णालयांत १६.३ टक्के आणि जास्त अनुभवाच्या रुग्णालयांत ३.८ टक्के, इतकी दरी होती.

यामागचं कारण फक्त सर्जनचा हात नाही. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की ऑपरेशननंतर गुंतागुंत दोन्हीकडे होते आणि तिचं प्रमाणही फार वेगळं नसतं. फरक पडतो तो गुंतागुंत झाल्यावर पेशंटला वाचवण्यात. टाका सुटून पोटात गळती सुरू झाली, हे रात्री दोन वाजता नर्सच्या लक्षात येतं का? लगेच सीटी स्कॅन होतो का? रक्त, आयसीयू, भूलतज्ज्ञ हाताशी आहेत का? पेशंटचा जीव या साखळीवर टांगलेला असतो. छोट्या रुग्णालयात उत्तम सर्जन असू शकतो, पण ही सगळी साखळी असतेच असं नाही.

नेदरलँड्समधलं एक उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. जठराबरोबर आजूबाजूच्या किती लसिका गाठी काढायच्या यावर तिथे १९८९ ते १९९३ दरम्यान मोठी चाचणी झाली. कमी गाठी काढण्याची 'डी-वन' आणि जास्त गाठी काढण्याची 'डी-टू' अशा दोन पद्धती होत्या. सुरुवातीला डी-टू चा निकाल वाईट आला. ऑपरेशननंतर रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाण डी-वन मध्ये ४ टक्के तर डी-टू मध्ये १० टक्के होतं. पण १५ वर्षांनी चित्र उलटं दिसलं. पोटाच्या कॅन्सरमुळे झालेले मृत्यू डी-वन गटात ४८ टक्के आणि डी-टू गटात ३७ टक्के होते.

म्हणजे पद्धत चांगली होती, पण ती करणाऱ्या अनेक रुग्णालयांना तिचा सराव नव्हता. जपान आणि कोरियात, जिथे हे ऑपरेशन रोजचं आहे, तिथे डी-टू सुरक्षितपणे होतं. आज उपचाराच्या हेतूने होणाऱ्या ऑपरेशनसाठी अनुभवी हातांत डी-टू हीच पद्धत मान्य आहे. नेदरलँड्सने पुढे नियमच केला. २०१३ पासून वर्षाला किमान २० अशी ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांनाच ती करता येतात.

मग सगळ्यांनाच मोठ्या शहरात पाठवायचं?

हा निष्कर्ष सरळ वाटतो. पण इथेच गफलत होऊ शकते.

नेदरलँड्स सपाट, छोटा आणि रस्त्यांनी बांधलेला देश आहे. तिथे 'लांबचं रुग्णालय' म्हणजे फार तर एक-दोन तासांचा प्रवास. मिझोराम किंवा आसामच्या बराक खोऱ्यातून मुंबईला येणं म्हणजे रोजगार बुडवून, सोबत एक नातेवाईक घेऊन, परक्या भाषेच्या शहरात महिनोन् महिने राहणं.

आणि पोटाच्या कॅन्सरचा उपचार एका ऑपरेशनवर संपत नाही. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीने दाखवलं, की फक्त ऑपरेशन केलेल्यांपैकी पाच वर्षांनी २३ टक्के हयात होते, तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमोथेरपी मिळालेल्यांपैकी ३६ टक्के. २०१९ मध्ये जर्मनीतून 'फ्लॉट' या नव्या केमोचा निकाल आला. जुन्या केमोवर निम्मे पेशंट ३५ महिने जगले होते, फ्लॉटवर ५० महिने.

फ्लॉटचं वेळापत्रक असं असतं: दर दोन आठवड्यांनी एक, अशा ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार फेऱ्या. म्हणजे आठ वेळा रुग्णालय. जर्मनीतल्या चाचणीतसुद्धा निम्म्याहून कमी पेशंटना ठरलेल्या सगळ्या फेऱ्या पूर्ण करता आल्या. ज्याला प्रत्येक फेरीसाठी शेकडो किलोमीटर जायचं आहे, त्याचं काय होईल याची कल्पना करता येते. ऑपरेशन देशातल्या सर्वोत्तम रुग्णालयात झालं आणि उरलेली केमो पैशाअभावी सुटली, तर त्या ऑपरेशनचाही बराचसा फायदा हातातून जातो.

सिलचरने काय दाखवलं?

ऐझॉलच्या उत्तरेला, आसाममध्ये सिलचर हे शहर आहे. तिथल्या कछार कॅन्सर हॉस्पिटलमध्ये २००७ मध्ये चेन्नईहून डॉ. रवी कन्नन आले. त्यांना दिसलं, की निदान झालेले बहुतेक लोक उपचार अर्धवट सोडून जात होते. उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण फक्त २८ टक्के होतं.

रुग्णालयाने यावर काढलेले उपाय मशिनचे नव्हते. पेशंटला मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार, राहण्या-जेवणाची सोय, सोबत आलेल्या नातेवाइकाला रुग्णालयातच तात्पुरतं काम, म्हणजे घरची चूल बंद पडू नये. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी टीम जाते आणि वेदना कमी करण्याची औषधं कशी द्यायची ते घरच्यांना शिकवते. उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. या कामासाठी कन्नन यांना २०२० मध्ये पद्मश्री आणि २०२३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

थोडक्यात, दूरचं रुग्णालय म्हणजे कमी दर्जाचं रुग्णालय असं समीकरण नाही. जवळ असणं हीसुद्धा उपचाराची एक ताकद आहे. प्रश्न एवढाच, की कुठलं काम कुठे करायचं.

जवळ काय, दूर काय?

- गावाजवळ, तालुक्याला: लक्षणं ओळखणं, वेळेत एंडोस्कोपीसाठी पाठवणं, ऑपरेशननंतरचा पाठपुरावा.
- जिल्ह्याला: एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी स्कॅन, ठरलेल्या केमोच्या फेऱ्या, रक्तस्राव किंवा उलट्यांसारख्या अडचणींवर उपचार, वेदनाशमन.
- मोठ्या केंद्रात: उपचाराची आखणी, आजार पोटात पसरला आहे का हे दुर्बिणीने पाहणं, जठर काढण्याचं डी-टू ऑपरेशन, विशेष औषधांसाठी बायोप्सीच्या खास चाचण्या.

याच विचारावर आसाममध्ये राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून तीन पातळ्यांवरच्या १७ कॅन्सर रुग्णालयांची योजना आखली. त्यातल्या ७ रुग्णालयांचं उद्घाटन २८ एप्रिल २०२२ रोजी झालं. गुवाहाटीचं बोरूआ कॅन्सर इन्स्टिट्यूट २०१७ पासून टाटा मेमोरियल सेंटरच्या छताखाली आहे.

दुसरी वाट म्हणजे पेशंटऐवजी माहितीने प्रवास करणं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं जोडलेली आहेत. एकसारखी उपचारपद्धती ठरवणं आणि अवघड केसवर ऑनलाइन चर्चा करणं त्यातून शक्य होतं. रिपोर्ट मुंबईत पाहिले जातात, केमो गावाजवळ लागते.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

दुहेरी संबंध आहे. एक म्हणजे परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र. ईशान्य भारतातून येणाऱ्या पेशंटची मोठी संख्या तिथे असते. वाशीतलं मिझोराम हाऊस अशा कुटुंबांना ओळखीचं आहे.

दुसरा संबंध बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन कार्यकर्ते नोंद तर घेतच, पण कॅन्सरची लक्षणंही समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यात तपासणीला येऊ लागल्या. नवं रुग्णालय न बांधता, नुसत्या बोलण्याने. आजार वेगळा असला तरी धडा पोटाच्या कॅन्सरलाही लागू होतो.

आकडे वाचताना सावध कुठे राहायचं?

'अमुक रुग्णालयात पेशंट जास्त जगतात' असं वाचलं, तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, तिथे कोण पोहोचतं? लांबचा प्रवास झेपणारे पेशंट मुळातच थोडे धडधाकट आणि थोडे पैसेवाले असतात. अगदी थकलेले जवळच्या रुग्णालयातच राहतात. त्यामुळे मोठ्या केंद्राचा आकडा आपोआप चांगला दिसतो.

दुसरी, आजार कुठल्या टप्प्यातला होता? टप्पा न पाहता केलेली तुलना फसवी असते.

तिसरी, किती जणांचा पत्ताच लागला नाही? गावी परतलेला पेशंट पुन्हा आला नाही, फोन बंद लागला, तर तो जिवंत आहे की नाही हे कळत नाही. असे लोक मोजणीतून गळले तर आकडा फुगतो. बार्शीसारखी दारोदार जाणारी नोंदणी म्हणूनच मोलाची ठरते.

तुमच्या घरात ही वेळ आली तर काय विचाराल?

पोटाचा त्रास दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, वय ४० च्या पुढे आहे, वजन उतरतंय किंवा शौच काळी होतेय, तर 'एंडोस्कोपी करायची का?' हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. वजन उतरणं, काळी शौच किंवा गिळायला त्रास असेल तर वय कमी असलं तरी थांबू नका.

निदान झालंच तर ऑपरेशनची घाई करण्याआधी हे प्रश्न विचारा:

- आजार कुठल्या टप्प्यात आहे आणि सीटी स्कॅन झाला आहे का?
- ऑपरेशनआधी केमो द्यायची आहे का? नसेल तर का नाही?
- या रुग्णालयात वर्षाला जठराची किती ऑपरेशन होतात? आयसीयू आहे का?
- काढलेल्या गाठींपैकी किती तपासल्या जातील? किमान १६ गाठी तपासणं योग्य मानलं जातं.
- केमोच्या फेऱ्या घराजवळ घेता येतील का?
- आयुष्मान भारत किंवा राज्याच्या योजनेत खर्च बसतो का?

ऑपरेशननंतरही घराजवळचा डॉक्टर सोडू नका. पूर्ण जठर काढलेल्या माणसाला आयुष्यभर बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं, बहुतेकदा इंजेक्शनने. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं लागतं, वजन आणि रक्तातलं लोह तपासत राहावं लागतं. हे इंजेक्शन द्यायला मुंबईची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सही ते देऊ शकते. फक्त ते द्यायचं आहे, हे मोठ्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या आणि ते कार्ड गावच्या डॉक्टरांना नक्की दाखवा.